सरोजाक्कांची परवानगी

सरोजाक्कांना काही सांगितलं आणि त्या नुसती मान डोलावून गप्प बसल्या, असं कधी झालं नाही. ऐकलेलं सगळं त्या आपल्या तोंडानं परत म्हणून दाखवायच्या आणि समोरच्याकडूनही तेच वसूल करायच्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, खाली चाललोय, कॉफी आणू का?" त्या म्हणाल्या, "आण. साखर कमी, डिकॉक्शन जास्त, ग्लास स्टीलचा. परत सांग." मला वाटलं बाई थट्टा करतेय, म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग काय, नागपूरहून आलेला मी, चांगला इंजिनियर वगैरे, बेंगळुरात मारतहळ्ळीच्या एका गोदामात उभा राहून म्हणालो, "साखर कमी, डिकॉक्शन जास्त, ग्लास स्टीलचा." "सरी," त्या म्हणाल्या. सरी म्हणजे कन्नडात बरोबर, ठीक. त्यांचं सरी मिळालं की माणूस सुटला. एवढं करून मी कॉफी आणली ती कागदाच्या कपात, आणि हे त्यांनी मला पुढे वर्षभर ऐकवलं.

ते गोदाम म्हणजे आमची कंपनी. आम्ही ड्रोन बनवायचो. लग्नात वरून फोटो काढतात ते नव्हेत बाप्पा. आमचे ड्रोन लष्करासाठी होते. उडायचं, शोधायचं, आणि जे सापडेल त्याच्यावर जाऊन स्वतःसकट फुटायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. स्फोटकं आमच्याकडे नसत, ती पुढे कुठेतरी बसवली जात. आमच्याकडे फक्त शिकवणं. काय शत्रू, काय नाही, हे त्या यंत्राला शिकवण्यात मी आणि माझ्यासारखी तरणी पोरं दिवसभर डोळे फोडून घ्यायचो. आणि आमच्यावर लक्ष ठेवायला सरोजाक्का. त्यांचं पद होतं उड्डाण सुरक्षा प्रमुख. म्हणजे त्या सरी म्हणाल्याशिवाय आमच्या गोदामातून माशीसुद्धा उडणार नाही.

ठेंगण्या, साठीला टेकलेल्या, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दुर्बीण. घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं. पणजोबा कुठल्या गावाहून आले हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही, पण घरात मराठी टिकलेली. त्यांची ती मराठी ऐकून मला आधी घामच फुटला. "स्वल्प थांब रे, घाई का करतोस तू? सांगितलेलं ऐकायला येत नाही का तुला?" असं चालायचं. पुरे झालं म्हणायचं तर "साकु". माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. मी 'नागपूर'. आमचा मालक प्रणव पुण्याचा, म्हणून तो 'पुणे'. कंपनी त्यानं स्वतः उभी केलेली, बाहेरची मंडळी त्याच्यासमोर अदबीनं उभी राहत, आणि अक्का गोदामाच्या या टोकावरून ओरडायच्या, "ए पुणे, जेवलास का?"

परत म्हणवून घ्यायची ही सवय टॉवरमधली. अक्कांची सगळी नोकरी विमानतळाच्या टॉवरमध्ये गेली. विमानांना उतरा, थांबा, वळा हे सांगायचं काम. तिथे रीतच अशी की टॉवरनं दिलेली सूचना वैमानिकानं शब्दशः परत म्हणायची, आणि टॉवरनं ती ऐकून तपासायची. तोपर्यंत सूचना दिली असं धरायचंच नाही. एकदा धुक्याच्या सकाळी त्यांनी एका वैमानिकाला धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "ओके." अक्का म्हणाल्या, परत सांगा. तो म्हणाला, "ओके म्हटलं ना." अक्का पुन्हा तेच. चांगलाच तापला तो. पण शेवटी "थांबतो" म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या नाकासमोरून दुसरं विमान उतरून गेलं. "ओके म्हणाला होता रे तो," अक्का मला सांगत होत्या, "पण त्याचा हात पुढं जायच्या दांड्यावर होता. तोंडानं थांबतो म्हटल्यावर तो हात आला मागं."

हेच त्यांनी आमच्या ड्रोनच्या गळ्यात बांधलं. ड्रोनला काही मारण्याजोगं दिसलं की त्यानं आधी एका साध्या वाक्यात सांगायचं, की समोर काय आहे आणि ते का मारावंसं वाटतंय. मग थांबायचं. माणसानं ते वाचून हो म्हटलं तर जायचं, नाही म्हटलं तर फिरायचं. आम्ही पोरं जाम वैतागलो होतो. मी म्हणालोसुद्धा, "अक्का, पडद्यावर लाल चौकोन येतो की! मग हे निबंध काहून लिहवता त्याच्याकडून?"

"चौकोनाला तोंड आहे का?" त्या म्हणाल्या. "चौकोन चुकला तर कळणार कसं तुला? वाक्य चुकलं की कानाला कळतं."

तसं पाहिलं तर त्या नेहमी बरोबर असायच्या असंही नाही. एकदा महिन्याभराची तयारी करून लावलेली चाचणी त्यांनी ऐन वेळी थांबवली, का तर दुर्बिणीतून झुडपामागे कुणीतरी बसलेलं दिसलं. आम्ही उन्हात तासभर धावलो. झुडपामागे खताचं पोतं निघालं. तोवर वारा सुटला आणि चाचणी बुडाली. मी इतका भडकलो होतो की परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी मात्र डबा उघडून चित्रान्न पुढे केलं आणि म्हणाल्या, "पोतं होतं. माझी चूक. खा."

चिकपेटेत त्यांच्या भावाचं साड्यांचं दुकान आहे. एक दिवस मला म्हणाल्या, "चल नागपूर, खरेदी आहे." मेट्रोतून उतरून, त्या गल्लीत कोपरं मारत मारत आम्ही दुकानात पोचलो. गादीवर अण्णा बसलेले, त्यांचा मोठा भाऊ. अक्कांनी स्वस्तातल्या साड्या काढायला लावल्या, लुंग्या, शाळेच्या गणवेशाचं कापड, एक घोंगडी. अण्णा खूष झाले. "कुणाचं लग्न ठरलं गं?"

"लग्न नाही. बुजगावणी करायची आहेत. आत गरम पाण्याचे डबे ठेवायचे, म्हणजे यंत्राला माणूस वाटतो."

"आणि मग त्यांना मारणार?" अण्णांच्या हातातली साडी हातातच राहिली.

"ही ज्यांना मारायचं नाही त्यांच्यासाठी," अक्का म्हणाल्या. "ह्या पोरांनी सैनिकांची बुजगावणी ढीगभर केली. बाई एक नाही केली. म्हातारा नाही, पाणी भरणारी नाही, चहा विकणारा नाही. यंत्राला वाटतं जगात सगळे शिपाईच."

अण्णांनी मग स्वतः उठून साड्या निवडल्या. म्हणाले, गावाकडच्या बायका असले रंग नेसत नाहीत, थांब, बरोबरच्या देतो. मी पोतं डोक्यावर घेऊन मेट्रोत चढलो आणि रस्ताभर लोक माझ्याकडे पाहत होते.

आता मुख्य गोष्ट. अक्कांचा एकुलता एक मुलगा सुहास लष्करात आहे, उत्तरेकडच्या सीमेवर. नवरा पूर्वीच गेला. घरात आई आणि लेक, त्यातला लेक बर्फात. अक्कांचा फोन कायम टेबलावर, तोंड वर करून ठेवलेला. तो वाजला की त्या स्पीकरवर टाकायच्या, मग कुणी का बसलेलं असेना. टॉवरची सवय, म्हणायच्या, ऐकणारे दोन असावेत, एकाचं चुकलं तर दुसऱ्याला कळतं. त्यामुळे मायलेकाचं बोलणं आम्हाला पाठ. "जेवलास?" "जेवलो." "काय जेवलास, सांग." मग तो बिचारा डाळीपासून लोणच्यापर्यंत सगळं म्हणून दाखवायचा.

त्या हिवाळ्यात सीमेवर ताण वाढला. पलीकडून रोज ड्रोन यायला लागले आणि सुहासचा फोन येईनासा झाला. अक्का कामावर वेळेवर यायच्या, डबा खायच्या, आम्हाला रागवायच्या. फक्त बोलता बोलता त्यांची नजर फोनवर जायची आणि वाक्य अर्धं राहायचं. अक्कांचं वाक्य अर्धं राहिलेलं आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. गोदामात सगळे हळू आवाजात बोलायला लागले.

नेमक्या त्याच दिवसांत प्रणवनं विषय काढला. मोठी ऑर्डर येऊ घातली होती, आणि घेणाऱ्यांना थांबणारा ड्रोन नको होता. प्रणव वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. हुशार आहे, आणि त्याला मनापासून वाटतं की आपण आपल्या जवानांचे जीव वाचवतोय. तो अक्कांसमोर खुर्ची ओढून बसला.

"अक्का, आता लढाई बदलली. दोन्हीकडून एकमेकांचे सिग्नल जाम करतात. ड्रोन वर गेला की त्याचा आपल्याशी संपर्क तुटतो. मग तो विचारणार कुणाला? विचारायला थांबला की संपला. पलीकडचे ड्रोन कुणाची परवानगी मागत नाहीयेत." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "सुहास तिकडेच आहे ना? त्याला वाचवणारा ड्रोन हवेत घुटमळत बसलेला चालेल तुम्हाला?"

मी शेजारच्या टेबलावर होतो. माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. अक्का म्हणाल्या, "परत सांग."

प्रणवनं परत सांगितलं. सिग्नल, संपर्क, परवानगी, सगळं. सुहासचं नाव आलं तिथे मात्र तो अडखळला.

"म्हण की. घाबरतोस का?" अक्का म्हणाल्या. "मी पण रोज हेच म्हणते देवासमोर. मला माझा मुलगा जिवंत पाहिजे रे पुणे. कसंही करून पाहिजे. त्यासाठी कुणाला मारायला लागलं तर मारा, असं पण येतं तोंडात. म्हणून तर मारायचं ठरवणं एकाच तोंडावर सोडायला भीती वाटते मला, ऐकणारा दुसरा पाहिजे."

शेवटी ठरलं ते असं. चाचणी दोन फेऱ्यांत. पहिली विचारून. दुसरीत संपर्क मुद्दाम तोडायचा आणि ड्रोननं आपलं आपण ठरवायचं. अक्कांनी एकच अट घातली. ड्रोनच्या मोटारी बंद करणारं लाल बटण वेगळ्या रेडिओवर असतं, तो चाचणीपुरता चालू ठेवायचा. ते बटण त्यांच्या हातात राहणार.

कोलारच्या बाजूला एक खडकाळ माळ भाड्यानं घेतला होता. मध्ये पत्र्याचा खोटा ट्रक, आत शेगडी पेटवलेली. आजूबाजूला बुजगावणी, त्यात अण्णांनी निवडलेल्या साड्या नेसलेल्या बायकाही. माळाच्या कडेनं गावाचा एक डांबरी रस्ता जात होता, पण तो आमच्या हद्दीबाहेर. सकाळी पाहुणे, म्हणजे माल घेणारे लष्करी अधिकारी, जीपगाड्यांच्या ताफ्यानं त्याच रस्त्यानं आले. ड्रोनमध्ये स्फोटकांच्या जागी चुन्याच्या पिशव्या होत्या. पण तेवढं वजन वरून त्या वेगानं अंगावर आलं तर चुना काय आणि दारू काय, माणूस मरतोच. पहिली फेरी झकास झाली. ड्रोननं ट्रक ओळखला, वाक्य पाठवलं, हो आलं, चुना फुटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या फेरीला चार ड्रोन वर गेले आणि आम्ही संपर्क तोडला. पडदे काळे झाले. आता काही कळायला मार्ग नव्हता, फक्त वर बघायचं. सगळे मान वर करून उभे. प्रणवच्या कपाळावर घाम. मी आपला मनात म्हणतोय, जा बाबा, ट्रकवर जा, ट्रकवर जा. तीन ड्रोन ट्रकच्या दिशेनं वळले. चौथा जरा रेंगाळला, कलला, आणि सरळ रस्त्याच्या बाजूला निघाला.

अक्का वर बघतच नव्हत्या. त्यांची दुर्बीण पहिल्यापासून रस्त्यावर होती. "बायका आहेत," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबलं.

चारही ड्रोनच्या मोटारी एकदम बंद झाल्या. असा सन्नाटा मी कधी ऐकला नाही. तीन माळावर कोसळले. चौथा वेगात होता, तो तसाच पुढे गेला, आणि रस्त्याच्या अलीकडच्या चरात जाऊन आदळला. पांढरा लोट उठला. त्या लोटात आम्हाला काही दिसेना. अक्का पळत सुटल्या. तेव्हा कळलं ते बूट कशासाठी असतात. मी मागे धावलो, छाती फुटायची वेळ आली, आणि डोक्यात एकच, मेलं का कुणी, मेलं का.

कुणी मेलं नव्हतं. चार-पाच बायका होत्या, त्यातल्या एका म्हातारीच्या साडीवर चुना उडाला होता आणि ती कन्नडातून आमच्या बापजाद्यांचा उद्धार करत होती. त्यांच्या पायाखाली सगळ्या रस्त्यावर हुरळी पसरलेली. हुरळी म्हणजे आपले कुळीथ. त्या भागात पीक काढलं की डांबरी रस्त्यावर अंथरतात, वरून गाड्या गेल्या की मळणी आपोआप होते. आणि त्या दिवशी गावात बातमी होती की मोठमोठ्या जीपगाड्यांचा ताफा येणार, संध्याकाळी परत जाणार. मग काय! सगळ्यांनी पहाटेच पीक आणून टाकलेलं. गाड्या एकदा जाऊन गेल्या होत्या, आता बायका काठ्यांनी ते उलटं करत होत्या, परतीच्या फेरीसाठी. अक्का धापा टाकत, हात जोडून उभ्या. म्हातारी त्यांना म्हणाली, ते सगळं असू दे, तुमच्या गाड्या परत कधी निघणार ते सांगा.

मी चरात पडलेला ड्रोन उचलून आणला आणि लॅपटॉपला जोडला. दुसऱ्या फेरीसाठी विचारणं काढून टाकलं होतं, पण वाक्य लिहिणं काढायचं राहून गेलं होतं. ते आत जसंच्या तसं होतं. गाड्या जातात त्या रस्त्यावर माणसं. वाकून काहीतरी पसरत आहेत. सुरुंग पेरणारे. मारतो.

अक्कांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, मराठीत आणि मग हिंदीत. आम्हीच तर शिकवलं होतं त्याला, की ताफ्याच्या रस्त्यावर वाकून काही पसरणारे म्हणजे सुरुंगवाले. पोरगं अगदी शिकवल्याप्रमाणे वागलं होतं.

पाहुण्यांमध्ये जे सगळ्यात मोठे अधिकारी होते त्यांनी प्रणवला विचारलं, "हे पीक ओळखायला शिकवायला किती वेळ लागेल?"

"एक आठवडा, सर," प्रणव म्हणाला.

"हुरळी शिकवशील," अक्का म्हणाल्या. "पुढच्या गावात काय वाळत घालतात, ते कोण सांगणार तुला?"

अधिकारी चिडले नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणता ते मला दिसलं. पण माझ्या पोरांना तेवढा वेळ मिळत नाही." खोटं तेही बोलत नव्हते. पहिला माल थांबणारा द्यायचा की न थांबणारा, हे त्यांनी आमच्यावर सोडलं. फक्त म्हणाले, जे द्याल त्यावर तुमच्या सुरक्षा प्रमुखांची सही पाहिजे. म्हणजे सगळं येऊन पडलं अक्कांच्या गळ्यात.

आणि त्याच आठवड्यात सुहास सुट्टीवर आला. अचानक, काही न कळवता, दुपारी गोदामाच्या दारात उभा! अक्कांनी त्याला आधी दंडाला, मग खांद्याला, मग कानांना हात लावून पाहिलं, सगळं जागेवर आहे ना म्हणून. आणि मग रागावल्या, कळवता येत नाही का तुला? आम्ही सगळे हसलो. डबा उघडला, प्रणवही येऊन बसला. सुहास उंच, काळवंडलेला, मोठ्यानं हसणारा. मला म्हणाला, "नागपूर तुम्हीच का? तुम्ही कागदी कपात कॉफी आणली होती ना?" बघा, सीमेपर्यंत पोचलं होतं ते.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत कुणीतरी ड्रोनची मोटार तपासायला सुरू केली. तो घूं आवाज आम्हाला ऐकूही येत नाही, इतकी सवय. सुहासचा घास तोंडाशी थांबला. पुढच्या क्षणी तो खुर्चीवर नव्हता. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन खाली बसला होता, आणि डोळे छताकडे. मी धावत जाऊन मोटार बंद करायला लावली. परत आलो तर तो हळूहळू उठत होता, ओशाळून हसत होता. अक्का जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

सुहास परत पानावर बसला. म्हणाला, "आई, मघाशी हात धुताना प्रणवनं सांगितलं मला. तुझी सही अडलीय म्हणून."

"होय."

"हा आवाज आला ना, की आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ असतो. वाक्य वाचायला नसतो."

"यंत्र अंगावर आलं तर यंत्रानं यंत्राला मारू दे," अक्का म्हणाल्या. "त्याला विचारायला नको. तेवढं मी सही करते. समोर माणूस असला तर विचारायचं."

"आणि ते यंत्र सोडणारा? तो माणूसच असतो आई. पलीकडच्या कुठल्यातरी घरात बसलेला."

"त्या घरात आणखी कोण असतं?"

"माहीत नाही," सुहास म्हणाला.

"मग विचारू दे ना."

"आणि आम्ही विचारतोय तोपर्यंत त्यानं दुसरा सोडला तर?"

अक्कांनी त्याच्या पानात भात वाढला आणि वर सारू, म्हणजे आपलं सार, घातलं. सुहासनं आईचा हात धरला. म्हणाला, "तुला जे वाटतं ते कर. मी तुला बोलणार नाही." प्रणव उठून बाहेर गेला. मीही गेलो. असल्या ठिकाणी बसायला कुणाला धीर होतो?

सुहासची सुट्टी संपली, तो गेला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी सही केली. यंत्रासमोर यंत्र असेल तर विचारायचं नाही; माणूस असेल तर विचारायचं आणि हो येईपर्यंत थांबायचं. संपर्क तुटला असेल तर मारायचं नाही, परत यायचं. प्रणवनं ते वाचलं. बराच वेळ वाचत होता. दुसऱ्या कुणाची सही आणणं त्याला जड नव्हतं, पण त्यानं आणली नाही. मला त्या दिवशी त्याच्याबद्दल फार बरं वाटलं, आणि हे मी त्याला कधी बोललो नाही. पुढचे माल मात्र असेच जातील असं नाही, हे त्यानं अक्कांना तोंडावर सांगितलं. त्यावर अक्का म्हणाल्या, मग मला सोड. एवढं लवकर त्या जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मीही आता ती कंपनी सोडलीय. सुहास अजून तिकडेच आहे, आणि हे लिहितोय तोवर सुखरूप आहे. आमचे ड्रोन कुठल्या तुकडीला गेले हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच्या तुकडीला गेले असतील, नसतीलही.

अक्कांना मी शेवटचं पाहिलं ते माल निघाला त्या दुपारी. ट्रक गोदामाच्या दारात लागला होता, हमाल खोकी चढवत होते. नोकरीचा त्यांचा तो शेवटचा दिवस. निरोपाचा केक वगैरे सगळं झालं होतं. त्या फाटकापाशी उभ्या राहून एकेक खोकं वर जाताना बघत होत्या. ट्रकचं दार लागलं, कडी पडली, ट्रक रिंग रोडच्या गर्दीत शिरला. मी ऑटो बोलावली होती. त्यांची पिशवी आत ठेवली.

"नागपूर," त्या म्हणाल्या, "माझ्या सुहासला उद्या काही झालं ना, तर मला भेटायला ये. पण अक्का, तुम्ही केलं ते बरोबर केलं, असं म्हणू नको. तेवढं मला ऐकवणार नाही."

त्या ऑटोत बसल्या. फोन दोन्ही हातांत धरलेला. ऑटोवाल्यानं मागे वळून कुठे जायचं ते विचारलं. अक्का त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यानं पुन्हा विचारलं. त्यांचे ओठ हलले, पण सांगता काही येईना. शेवटी मीच वाकून त्याला म्हणालो, "चिकपेट, यांच्या भावाच्या साड्यांच्या दुकानी. सावकाश न्या."